ओटीवरचे वायफाय गोठ्यापर्यंत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदाच्या सभेत कोणी कशावर बोलावे हा प्रश्न कार्यकारिणीत निघाला, तेव्हा कोणी पाककृती सुचविली, कोणी आहारशास्त्र. मी आपली कोपऱ्यात बसून बक्षिसांच्या पुड्या बांधीत होते. एवढ्यात चिटणीसबाई म्हणाल्या, "यांच्या गोठ्यात वायफाय आले आहे म्हणे, त्यांनाच बोलू द्या." सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. गोठ्यात वायफाय म्हणजे म्हशीला मोबाईल असेच कोणालाही वाटणार! परंतु त्यानंतर चार दिवसांत पाचसहा जणींनी मला रस्त्यात गाठून हळूच विचारले, "अहो, तुम्ही ते मागे कसे नेले? आमच्याकडेही मागच्या खोलीत येत नाही." तेव्हा मला कळले की, हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी काही या विद्येतील जाणकार नव्हे. तीन वेळा पैसे घालवून जे शिकले तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे.

आमचे घर आपणांपैकी बहुतेकींनी पाहिले आहे. पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, बाहेर पडले की उजव्या हाताला विहीर, डाव्या हाताला न्हाणीघर, आणि पोफळी ओलांडून गेले की जुना गोठा. गुरे गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. गोठा झाडूनसारवून, खाली लादी घालून, वर पत्रे टाकून त्याची खोली केली. २०२० साली टाळेबंदीत आमच्या वन्सं मुंबईचे बिऱ्हाड मोडून इकडे आल्या आणि त्या खोलीत राहू लागल्या. घरात जागा नव्हती असे नाही. पण त्यांना आपले स्वतंत्र दार हवे होते, आणि चूल हवी होती. त्यांच्या हातची आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमाचे आगळ आपण सर्वांनी चाखले आहे. पुण्यामुंबईची ओळखीची माणसे फोनवर मागणी कळवू लागली, पैसेही फोनवरच येऊ लागले, आणि दोन वर्षांत त्यांचा तो संसारच झाला.

आता त्याच वर्षी आमच्याकडे वायफायही आले. नातवंडांची शाळा फोनवर भरू लागली होती, म्हणून फायबरची जोडणी घेतली. जोडणी करणारा मुलगा आला, त्याने ओटीवर उभे राहून एकच प्रश्न विचारला, "टीव्ही कुठे आहे?" टीव्ही ओटीवर होता. झाले! टीव्हीखालच्या मेजावर त्याने ती डबी ठेवली, दिवे लुकलुकले, मंडळी खूश झाली. स्वयंपाकघर कोठे, विहीर कोठे, गोठ्यात कोण राहते, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. पाहुणा येतो तो ओटीवर बसतो, तसा तोही बसला. पण भगिनींनो, आपण दिवसाचे किती तास ओटीवर असतो? घरात जे काही नवे येते त्याचे आसन ओटीवर पडते आणि त्याची धग मागे पोचता पोचता निवून जाते. रेडिओचे तसेच झाले होते, पंख्याचे तसेच झाले होते.

तर वन्संचा फोन गोठ्यात मुका. आपले गाव चिपळूणच्या बाजूला असले तरी तिन्ही बाजूंनी डोंगर, त्यामुळे मोबाईलची रेंजही परसात धड नाही. मागणी पाहायची झाली की त्या विहिरीच्या कठड्यापाशी येत, तेथेही न मिळाले तर स्वयंपाकघराच्या पायरीवर. आम्ही सर्वजण सहजपणे म्हणत असू, "वन्सं, ओटीवर येऊन बसा की." ओटीवर ह्यांचे स्नेही बसलेले, बातम्या लागलेल्या. पासष्टीच्या बाईने हिशेबाची वही घेऊन तेथे कोठे बसायचे, हा विचार माझ्याही मनात तेव्हा आला नाही, हे मला कबूल केले पाहिजे.

जुलै २०२३ मधली गोष्ट. पाऊस मी म्हणत होता. तिन्हीसांजेला कोणाचे तरी पैसे आले की नाही हे पाहण्यासाठी वन्सं फोन घेऊन निघाल्या आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यावर शेवाळावरून पाय घसरून पडल्या. मनगट मोडले. हातात फोन होता, पण त्यावर रेंजची एक काडी नव्हती. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की त्यांची हाक आम्हांला ऐकू आली नाही. सूनबाई दिवा घेऊन कपडे काढायला मागे गेली तेव्हा कळले; तोवर अर्धा तास त्या चिखलात बसून होत्या. प्लास्टर घालून आल्यावर त्या मला एवढेच म्हणाल्या, "वहिनी, मला ओटीवर बोलावू नका. ते काय असेल ते माझ्या खोलीत आणता येते का पाहा."

या कामाला मी लागले ती अशी.

पहिली चूक आमच्या चिरंजिवांनी केली. दिवाळीत पुण्याहून येताना तो 'एक्स्टेंडर' म्हणून एक वस्तू घेऊन आला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची, की ती वायफाय पुढे ढकलते, असे खोक्यावर छापले होते. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला ती लावली. गोठ्यात फोनवर वायफायचे चिन्ह दिसू लागले, वन्संचा चेहरा फुलला. पण चित्र उघडेना, निरोप जाईना, पैशांचे चक्र फिरतच राही. चिन्ह दिसते आणि काम होत नाही, हे काहीच न दिसण्यापेक्षा अधिक त्रासाचे.

हे असे का होते, ते आळीतल्या एका मुलाने मला समजावून दिले. आय.टी.आय. झालेला मुलगा, मोठा शांत. तो म्हणाला, "काकू, ही डबी म्हणजे निरोप्या. दारात उभे राहून ओटीवरचे बोलणे ऐकायचे आणि मागे ओरडून सांगायचे. त्याला एकच तोंड आणि एकच कान; ऐकत असेल तेव्हा सांगता येत नाही, सांगत असेल तेव्हा ऐकता येत नाही, म्हणून साध्या प्रकारच्या डबीत निम्मा वेग तेथेच गेला. शिवाय तुम्ही त्याला जेथे उभे केले आहे तेथे त्यालाच अर्धवट ऐकू येते. मग तो पुढे काय सांगणार?"

मी म्हटले, "मग ओटीवरच मोठी, चार शिंगांची डबी आणू." तर तो हसला. एक तर डबीने किती जोर लावावा याला सरकारने मर्यादा घातलेली आहे. हा लहरींचा पट्टा आपल्या देशात २००५ सालापासून परवान्याविना वापरता येतो, तो त्या मर्यादेत राहूनच. दुसरे असे की, बोलणे दोन्हीकडून व्हावे लागते. ओटीवर भोंगा लावला तर त्याचा आवाज गोठ्यात जाईल, पण वन्संच्या हातातल्या फोनचा आवाज लहानच. तो ओटीपर्यंत कसा येणार? हे मला फार पटले. कित्येक घरांत महागाची डबी आणूनही मागे रडकथा तीच राहते, त्याचे कारण हे.

मग त्याने माझ्या फोनमध्ये एक फुकटचे अॅप घातले आणि मला घरभर फिरविले. ते अॅप वायफायचे बळ आकड्यात दाखविते. आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे पन्नासच्या आत असेल तर उत्तम, उणे पासष्ट-सत्तरपर्यंत व्हिडिओवर बोलणेही नीट होते, उणे ऐंशीच्या पलीकडे नुसते नाव दिसते. आणि गंमत अशी की, दर दहा आकडे उतरले की बळ एकदशांश उरते. म्हणजे उणे चाळीस आणि उणे ऐंशी यांत दुपटीचा नव्हे, दहा हजार पटींचा फरक! आमच्या ओटीवर आकडा उणे ४१ होता, माजघरात उणे ५६, स्वयंपाकघरात उणे ६८, न्हाणीघराच्या दारात उणे ७९ आणि गोठ्यात उणे ८८. भगिनींनो, एकदा आपापल्या घरी असे फिरून पाहाच. कागदावर घराचा आराखडा काढून खोलीखोलीत आकडा लिहा. मी तसा लिहून ह्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा जे मी चार महिने तोंडाने सांगत होते ते त्यांना एका मिनिटात उमगले. आमच्या घरी जेथे जेथे बायका काम करतात तेथे तेथे आकडा पडत गेला होता.

वाटेत हे बळ कोण खाते? जांभ्या चिऱ्याच्या दीड फुटी भिंती खातात, आणि पावसात त्या ओलावल्या की अधिकच खातात. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पत्रा हे तर लहरींना परतच धाडतात. गोठ्याचा पत्रा मी ऐटीने घातला होता; तो वायफायला भिंतीपेक्षा वाईट निघाला. बहुतेक डब्यांतून दोन जातींच्या लहरी निघतात, एक २.४ गिगाहर्ट्झची आणि एक ५ ची. पाचाची वेगवान पण भिंतीपुढे लवकर दमणारी; २.४ ची संथ पण जरा दूर जाणारी. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच २.४ च्या आसपास चालतो, म्हणून तो चालू असताना शेजारच्या फोनचे वायफाय अडखळते. सूनबाईच्या 'फोन मेला' या तक्रारीचा उलगडा मला तेव्हा झाला.

मग उपाय काय? उपाय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विहिरीचे पाणी आपण पोफळीला ओंजळीने फेकतो का? पाट काढतो, झाडाच्या मुळाशी आळे करतो, आणि पाणी त्या आळ्यात सोडतो. येथेही तेच. ओटीवरच्या डबीपासून मागपर्यंत तार न्यायची, हा पाट. आणि त्या टोकाला, जेथे माणूस बसणार तेथेच, दुसरी डबी लावायची, हे आळे. या दुसऱ्या डबीला 'अॅक्सेस पॉइंट' म्हणतात. ती ऐकलेले पुन्हा ओरडत नाही. तारेतून तिला सगळे स्वच्छ, पुऱ्या वेगाने मिळते, आणि ती ते चार हातांवरच्या फोनला देते. फोनलाही ओरडावे लागत नाही. म्हणून त्याची बॅटरीदेखील अधिक टिकते.

मी नऊवारी लुगड्याने अंतर मोजले. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. चार लुगडी आणि वर दोन हात भरले, म्हणजे चौतीस मीटर. तांब्याची नेटची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा चिंता नव्हती. घरात अडगळीत पडलेला जुना राउटर होता, तोच अॅक्सेस पॉइंट म्हणून चालेल असे त्या मुलाने सांगितले. खर्च केबलचाच. मार्च २०२४ मध्ये आम्ही ती टाकली.

येथे दोन गोष्टी सांगते, कारण जुना राउटर पुष्कळ जणींच्या घरी असेल. जुन्या राउटरला मागे चारपाच भोके असतात, त्यांतले एक वेगळ्या रंगाचे असते. केबल त्या वेगळ्या भोकात घालू नये, बाकीच्यांपैकी एकात घालावी. आणि त्याच्यातले 'डीएचसीपी' नावाचे काम बंद करावे. हे काम म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता वाटण्याचे. ओटीवरची डबी ते करीतच असते. एका घरात दोन कारभारणी किल्ल्या वाटू लागल्या तर काय होते ते मी आपणांस सांगायला नको! तसेच मागच्या डबीचा स्वतःचा पत्ताही पुढच्यापेक्षा वेगळा करावा, पुढचीचा १९२.१६८.१.१ असेल तर मागचीचा शेवटी २ करावा. नवीन अॅक्सेस पॉइंट विकत घेतला तर हे सारे तो बहुधा आपले आपणच करतो.

नाव आणि परवलीचा शब्द दोन्ही डब्यांना एकच ठेवले, म्हणजे फोन चालता चालता इकडून तिकडे जातो. मात्र दोघींचे 'चॅनेल' वेगळे हवे. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर न येणारे आहेत. पुढे १ दिला, मागे ११. तरीही वन्संचा फोन पहिले काही दिवस ओटीवरचीच कास धरून बसे. फोन फार चिकट असतात, जुनी ओळख सोडीत नाहीत. त्यावर त्या मुलाने उलटाच उपाय केला: ओटीवरच्या डबीचा जोर कमी केला. ह्यांना ते रुचले नाही, पण टीव्हीला काही कमी पडले नाही.

दोन महिने सुखाचे गेले. मग मे महिन्यात वळीव आला.

आपल्याकडचा वळवाचा कडकडाट आपण जाणताच. घरावर वीज पडली नाही, जवळच कोठे तरी पडली. पण सकाळी पाहतो तो ओटीवरची डबी काळी, मागचा राउटर काळा, आणि टीव्हीचीही ती एक खाच गेलेली. मला वाटले केबल स्वस्तातली म्हणून असे झाले. ती स्वस्तातली होतीच; नंतर कापून पाहिली तेव्हा आत तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम निघाले. (केबल घेताना 'निव्वळ तांबे' असे विचारून घ्यावे, आणि उन्हात जाणार असेल तर बाहेरच्यासाठी केलेल्या काळ्या जाड सालीचीच घ्यावी. घरातली पांढरी केबल उन्हात तडकते.) परंतु जळण्याचे खरे कारण निराळे होते. घराची अर्थिंग वेगळी, गोठ्याची वेगळी. वीज कडाडली की दोन जागच्या जमिनींत क्षणभर मोठा फरक पडतो, आणि आपण मध्ये तांब्याची तार ताणून त्याला वाट करून दिलेली! एका छपराखाली तांबे चालते. एका इमारतीतून दुसरीत जायचे असेल तर, निदान आपल्या कोकणात, माझे मत विचाराल तर तांबे टाकूच नये.

त्या दिवशी ह्यांनी निकाल दिला, "पुरे झाले. आता वन्संनी ओटीवरच यावे." मी काही बोलले नाही. वन्संही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागणीची वही उघडली आणि दोन हजार रुपये माझ्या हातात ठेवले. "बाकीचे गणपतीनंतर देईन," म्हणाल्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसऱ्यानंतर, आम्ही फायबर टाकले. रस्त्यावरून आपल्या घरी येते तेच हे. आत केसाएवढा काचेचा धागा, त्यातून उजेड जातो. काचेतून वीज जात नाही, म्हणून वळीव आला तरी एका टोकाचे संकट दुसऱ्या टोकास पोचत नाही. धागा मात्र आत पोलादी तार नसलेला मागून घ्यावा. ताण सहन व्हावा म्हणून कित्येक जातींत पोलादी तार घालतात, आणि मग आपण जे टाळायला गेलो तेच पुन्हा घरात येते. ज्यात आधाराला काचतंतूची काडी असते असाही मिळतो. उंदीर-घुशींसाठी तो सबंध जाड पीव्हीसी नळीतून नेला आणि पोफळींच्या कडेने हातभर खोल पुरला. पाटाच्या कडेनेच नळी गेली, हे मला उगीचच बरे वाटले.

फायबरच्या दोन्ही टोकांना एकेक लहान डबी लागते, तिला मीडिया कन्व्हर्टर म्हणतात. ती उजेडाची पुन्हा साधी नेटची तार करून देते. एकाच धाग्यावर चालणाऱ्या या डब्या जोडीने येतात, एकीवर ए आणि दुसरीवर बी. दोन्हीकडे ए लावली तर काही चालत नाही. आम्ही दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या आणि तीच फजिती झाली. टोके तयार करून बसविलेला धागाच विकत मिळतो, तो घ्यावा. टोक बोटाने पुसू नये, त्यात डोकावूनही पाहू नये. आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो. आणि धाग्याला बांगडीपेक्षा लहान वळण देऊ नये. माझी बांगडी काढून त्या मुलाने प्रत्येक कोपऱ्यावर लावून पाहिली.

गोठ्यात अॅक्सेस पॉइंट लावताना कोठे लावायचा हे मी वन्संनाच विचारले. त्यांनी चुलीसमोरच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, वहीच्या फळीशेजारची जागा दाखविली. पत्रा आता आमच्या उपयोगी पडला; बाहेरचे आत येऊ देत नव्हता तसा आतले बाहेर जाऊ देत नाही. आकडा घेतला: उणे ४४. ओटीपेक्षा तीनच कमी!

या साऱ्याला, नळी आणि मजुरीसकट, सहा हजारांच्या आतबाहेर खर्च आला. तो प्रथमच केला असता तर एक्स्टेंडर, केबल, जळलेल्या डब्या आणि टीव्हीची दुरुस्ती वाचली असती. ज्यांना मध्ये रस्ता किंवा दुसऱ्याचे आगर असल्याने नळी पुरता येत नाही, त्यांच्यासाठी समोरासमोर तोंड करून लावायच्या बिनतारी थाळ्यांची जोडी मिळते. मात्र त्यांना एकमेकींचे तोंड दिसले पाहिजे, मध्ये माड वाढला की त्या रुसतात. त्यांचा मला अनुभव नाही, पण पलीकडच्या वाडीत एकीकडे त्या चांगल्या चालल्या आहेत.

आणखी एकदोन गोष्टी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा आपल्या खालच्या आळीतही पाणी आले होते. आमची पहिली डबी टीव्हीखालच्या मेजावर होती, ती त्यात गेली. आता दोन्हीकडच्या डब्या आढ्याच्या बाजूला, वर आहेत. लाइट जाते त्यावर म्हणाल तर या डब्यांसाठी बारा व्होल्टची लहान बॅटरी मिळते. मात्र ती दोन्हीकडे हवी, आणि कन्व्हर्टरलाही हवी. आम्ही प्रथम ओटीवरच लावली, आणि लाइट गेल्यावर पुन्हा वन्संच अंधारात! सवय जाता जात नाही.

परवलीच्या शब्दाबद्दल अध्यक्षबाईंनी मला मुद्दाम बोलायला सांगितले आहे. एक ते आठ आकडे ओळीने, किंवा घरच्या मुलाचे नाव आणि जन्मसाल, असा शब्द ठेवू नये. जिच्या फोनवर पैसे येतात तिने तर मुळीच नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी डबीत 'पाहुण्यांचे' वेगळे नाव काढता येते, त्याचा शब्द वेगळा ठेवावा.

शेवटी, जिच्यासाठी मी हे सारे करायला निघाले ती गोष्ट. मोबाईलची रेंज नसली तरी वायफायवरून नेहमीचा फोन लागतो. आपल्या देशात मोठ्या कंपन्यांनी ही सोय २०१९ च्या अखेरीपासून आणि २०२० च्या आरंभापासून सुरू केली. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' असते, ते एकदा चालू करावे लागते. वन्संच्या फोनवर ते चालू केल्यावर पहिला फोन त्यांनी मला केला. मी स्वयंपाकघरात, त्या गोठ्यात. "काय करता आहात?" म्हणाल्या. मी म्हटले, "आमटीला फोडणी देते आहे." "मग द्या," म्हणाल्या आणि फोन ठेवला. न्हाणीघराच्या कोपऱ्यावर उभे राहूनही तो लागतो. मी स्वतः भर पावसात उभी राहून पाहिले आहे.

माझ्याकडे जाड नळीचे तीन तुकडे उरले आहेत, आणि जो मुलगा हे काम करतो तो रविवारी मोकळा असतो. ज्या भगिनींना आपल्या घरचा आराखडा काढून आकडे घ्यायचे असतील त्यांनी दुपारी तीननंतर निरोप पाठवावा. मी लुगडे घेऊन मोजायला येईन.